पाणी उकळेपर्यंत

पत्ते आपटायचेच असतात, अशी माझी लहानपणापासूनची समजूत होती. आमच्या घरी मेंढीकोट रंगात आला की हुकमाचं पान गुडघ्यांवर उभं राहून चादरीवर असं हाणायचं, की आतल्या खोलीत झोपलेला माणूस दचकून उठावा. कुणी गुपचूप पान टाकलं तर त्याला ताप आलाय का, असं आम्ही विचारायचो. हरलं की चिडायचं, समोरच्याला रडीचा डाव खेळला म्हणून ऐकवायचं, अबोला धरायचा आणि तो विसरून पुन्हा पत्ते पिसायला बसायचं. या सगळ्याला आम्ही खेळ म्हणत होतो. त्यात काही चुकतंय, असं तिशी उलटेपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं.

सांगितलं ते आयर्लंडमधल्या लेटरकेनीत. माझ्या नवऱ्याला तिथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि दोन हजार नऊच्या वसंतात आम्ही तिकडे गेलो. घर मिळालं ते गावाबाहेर, टेकडीवरच्या एका नव्या वसाहतीत. नवी म्हणजे अर्धवट. मंदी आली तसा बिल्डर गायब झाला होता. पुढच्या काही घरांत माणसं राहत होती आणि मागे नुसत्या भिंती, खिडक्यांच्या जागी प्लास्टिक, आणि कुठेच न जाणारे गुळगुळीत डांबरी रस्ते. बस नव्हती. चालत गावात जायचं तर फूटपाथ नव्हता, आणि पाऊस आडवा. पुण्यात कॉलेजपासून टू-व्हीलरवर गावभर उंडारलेली मी, इथे कोथिंबिरीच्या जुडीसाठी नवऱ्याची ड्युटी संपायची वाट बघत बसायचे. मला याचा मनस्वी राग यायचा आणि तो मी लपवून ठेवत नसे.

गाडी शिकणं हा एकच उपाय होता. शिकाऊ परवाना मिळाला, गाडीवर लाल एल लागला, पण पक्कं लायसन्स मिळेपर्यंत शेजारी लायसन्सवाला माणूस बसलेला हवा, असा नियम. तो माणूस म्हणजे अर्थातच नवरा. पेशंटशी इतक्या मऊ आवाजात बोलतो, की नर्सेस त्याची नक्कल करायच्या. माझ्या शेजारी बसला की त्याचं काय व्हायचं कोण जाणे. उजवीकडे मी ब्रेक दाबायचे आणि डावीकडे तो, ब्रेक नसलेल्या जागी, पाय रोवून.

"अगं, वळणावर सेकंड टाक. सेकंड. हे फोर्थ आहे."

"दिसतंय मला."

"दिसतंय तर टाकत का नाहीस?"

"तू ओरडतोयस म्हणून टाकत नाहीये."

एका रविवारी मी भर रस्त्यात गाडी बंद करून उतरले आणि एल लावलेली ती गाडी त्याच्या ताब्यात देऊन पावसात घरी चालत आले. त्यानंतर शिकवणी थांबली.

मला चालत येताना आमच्या उतारावरच्या जुन्या घरातल्या बाईंनी पाहिलं. सत्तरी ओलांडलेल्या, काटक, एकट्या राहायच्या. त्यांच्या नवऱ्याचं गावात कापडाचं दुकान होतं. दुकान गेलं, नवरा गेला, बटणांनी भरलेला पत्र्याचा डबा तेवढा राहिला. त्या भागात सगळ्यालाच 'छोटं' म्हणायची पद्धत. छोटासा चहा, छोटासा फेरफटका, म्हशीएवढा कुत्रा असला तरी छोटासा कुत्रा. तसं त्यांनी मला छोट्याशा चहाला बोलावलं आणि विचारलं, "पत्ते येतात का?"

मी म्हटलं, मला दुसरं येतं काय.

दर गुरुवारी दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात पोकरचा डाव बसायचा. बाई, मेंढ्या पाळणारा त्यांचा अविवाहित भाऊ, आणि त्यांची शाळेपासूनची मैत्रीण, निवृत्त हेडमिस्ट्रेस. चौथी एक होती. ती गाडी चालवेनाशी झाली, म्हणून तिच्या मुलीने तिला डब्लिनला नेलं होतं. तिच्या खुर्चीवर मी बसले. पैसे नसायचे, बटणं लावायची. पाच पानं यायची, नको ती टाकून नवी घ्यायची, आणि मग आपल्या पानांच्या भरवशावर, किंवा पानं फालतू असली तर चेहऱ्याच्या भरवशावर, बटणं पुढे सरकवायची. खेळ सोपा होता. चेहरा मात्र माझ्याकडे नव्हता. एक्का आला की माझ्या भुवया वर जातात, हे मला तिथेच कळलं.

दुसऱ्या की तिसऱ्या गुरुवारी मला सरळ सिक्वेन्स लागली. पंजीपासून नव्वीपर्यंत, ओळीने. मी निम्मी बटणं मधे ढकलली. मेंढीवाला भाऊ माझ्याकडे न बघता तेवढीच बटणं मधे घालत गेला. मी पानं टेबलावर आपटली आणि दोन्ही हातांनी ढीग ओढू लागले. त्याने शांतपणे आपली पानं उलटी केली. पाचही किलवर.

"कलर," तो म्हणाला.

"मग? माझी सिक्वेन्स आहे."

"कलर मोठा."

मी ऐकणार कशी? आमच्याकडे गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती खेळतात, त्यात सिक्वेन्स कलरला खाते. हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत. मी त्या तिघांना हे सांगितलं, जरा चढ्या आवाजातच सांगितलं. हेडमिस्ट्रेसने पेन्सिल घेतली आणि पाकिटाच्या मागे आकडेमोड करून दाखवली. तीन पानांत सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून ती मोठी. पाच पानांत कलर दुर्मीळ, म्हणून तो मोठा. हिशेब बरोबर होता, त्यामुळे माझं डोकं आणखीच फिरलं.

"तुझ्या घरी सिक्वेन्स मोठी असेल," बाई म्हणाल्या. "हे माझं घर आहे."

त्या डावात माझी निम्मी बटणं गेली. उरलेली निम्मी मी पुढच्या काही डावांत आपणहून देऊन टाकली. हातात काही नसताना लावत गेले, समोरचा मागे हटत नाही हे दिसत असताना लावत गेले, कारण मला माझी बटणं परत हवी होती आणि ताबडतोब हवी होती. प्रत्येक हरलेलं पान आधीच्यापेक्षा जोरात आपटत होते. एकदा साखरेचं भांडं हललं. तेव्हा बाई पत्ते वाटता वाटता थांबल्या.

"पोरी, जरा किटली लावतेस?"

मला वाटलं, चहा हवाय. मी किटलीचं बटण दाबून परत खुर्चीकडे आले तर त्यांनी मान हलवली. या घरात पान आपटलं की किटली लावायची, आणि पाणी उकळेपर्यंत टेबलाशी यायचं नाही. तोवरचे डाव तुझ्याविना. एवढाच नियम होता आणि तो सगळ्यांना होता. किटली जुनी, पाण्यातल्या क्षाराने भरलेली, उकळायला युगं घ्यायची. मी ओट्याशी उभी राहून खिडकीतून ओल्या मेंढ्या बघत होते आणि पाठीमागे ते तिघं खेळत होते. मला इतका अपमान वाटला, की डोळ्यांत पाणी आलं. चहा मात्र केला. भाऊ म्हणाला, "ग्रँड." त्या वर्षी त्या घरात सर्वांत जास्त चहा मी केला असेल.

गाडी मला शेवटी बाईंनीच शिकवली. आमच्या वसाहतीच्या मागच्या त्या रिकाम्या रस्त्यांवर, जिथे धडकायला सिमेंटच्या पोत्यांशिवाय काही नव्हतं. त्या शेजारी हातमोजे घालून बसायच्या आणि गाडी बंद पडली की फक्त म्हणायच्या, "पुन्हा." हिवाळ्याच्या तोंडावर मी परीक्षेला बसले आणि नापास झाले.

चढावर गाडी बंद पडली. चूक एवढीच, आणि ती माफ होण्यासारखी होती. पण परीक्षकाने कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्याच्या त्या पेनाचा मला राग आला. माझा स्वतःचा आला, चढाचा आला, नवऱ्याचा आला, तो तिथे नव्हता तरी. पुढे आरसा बघायचा राहिला, राउंडअबाउटला मी घुसलेच, आणि गाडी मागे घेताना फुटपाथवर चढवली. परत ऑफिसशी पोचलो तेव्हा दार मी इतक्या जोरात लावलं, की परीक्षक दचकला.

गुरुवारी मी हे सगळं सांगितलं. परीक्षकाच्या तोंडावर हसू नाही वगैरे. भाऊ आणि हेडमिस्ट्रेस हळहळले. बाईंनी पत्ते पिसत विचारलं, "चढावर किती बटणं गेली?"

"कसली बटणं?"

"त्या एका चुकीत. थोडी की डबा?"

"थोडी."

"आणि डबा कशात गेला?"

मी उठले आणि कुणी न सांगता किटली लावली. कुणी हसलं नाही, हे त्या लोकांचे उपकार.

त्या दिवसापासून मी राग घालवायचा नाद सोडला. तो जात नाही, आमच्या घराण्यात तर मुळीच नाही. आधी कान तापतात, मग हात. हात तापायच्या आत उठायचं, एवढंच मी शिकत होते. वाईट पान आलं की पानं पालथी ठेवायची, जोरात नाही, हळू, आणि तो डाव सोडून द्यायचा. डाव सोडणं मला फार जड गेलं. सोडलेल्या डावात आपण जिंकलो असतो की नाही हे कधीच कळत नाही आणि तसंच झोपायला जावं लागतं. पण हळूहळू माझ्यापुढे बटणं टिकायला लागली. एका गुरुवारी मी फालतू दुरी-तिरीवर, भुवई न हलवता, भावाला डाव सोडायला लावला. पानं दाखवली तेव्हा तो आपल्या बहिणीला म्हणाला, "हिला तू बिघडवलंस." मला वर्गात पहिला नंबर आल्याचा आनंद झाला.

त्याच सुमारास बाई पानं तिरकी धरून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायला लागल्या. चौकटच्या जागी बदाम मोजायला लागल्या. वयाची खोड असेल, असं मला वाटलं. मग एका गुरुवारी त्यांनी पत्ते वाटले आणि तशाच आवाजात सांगितलं, की नजरेचा मधला भाग धूसर होत चाललाय. छोटंसं दुखणं आहे. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलीय, आणि त्यांचीही एक मुलगी डब्लिनला असते, तिने आईसाठी माळ्यावरची खोली रंगवायला काढलीय.

"तुम्ही जाणार?" मी विचारलं.

"इथे गाडीशिवाय कशी राहू? तुला माहितीये." मग त्यांनी बटण मधे सरकवलं. "तुझी पाळी."

त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, नेहमीसारखंच. मीच किटलीकडे गेले. ओट्याशी उभी राहून मी ठरवलं, की आपण पास व्हायचं. दुकान, औषधं, मैत्रिणीकडे, भावाकडे, सगळीकडे बाईंना मी नेणार. मग माळ्यावरच्या खोलीत त्यांच्या मुलीला काय ठेवायचं ते ठेवू दे. हे मी तिथल्या तिथे बोललेसुद्धा. बाई म्हणाल्या, "आधी पास हो."

आता शेजारी बसायला पुन्हा नवराच. मी त्याला बसण्याआधी नियम सांगितला. गाडीत थर्मास राहील. जो पहिला आवाज चढवेल, त्याने दोघांना चहा ओतायचा, आणि चहा संपेपर्यंत गाडी उभी. तो म्हणाला, "हा काय पोरखेळ?" आणि दहाव्या मिनिटाला "अगं, मेंढी" असं ओरडला. मेंढी खरोखरच होती, तरी मी गाडी बाजूला घेतली. बिनखिडक्यांच्या त्या घरांसमोर तो चहा ओतत बसला. मग म्हणाला, "वॉर्डात दिवसभर कुणावर ओरडता येत नाही ना." इतक्या महिन्यांत हे मला सुचलं नव्हतं. मी त्याला माझ्या वाटणीची खारी दिली. पुढे पुढे आम्ही दोघंही कमी चहा प्यायला लागलो.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी चढ नीट गेला. राउंडअबाउटशी मी थांबले, उजवीकडे बघितलं, निघाले, आणि चुकीच्या लेनमधून एक पांढरी व्हॅन सरळ माझ्यापुढे आली. मी ब्रेक मारला. परीक्षकाचं पेन खाली पडलं. वर त्या व्हॅनवाल्याने हॉर्न वाजवला, मलाच. माझे कान तापले. पुण्यात असते तर काच खाली करून त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. इथेही काचेच्या बटणावर बोट गेलं होतं.

मी बोट काढलं. हात पुन्हा चाकावर ठेवले, हळू, पालथ्या पानांसारखे. व्हॅन जाऊ दिली. गाडी थोडी आत आली होती म्हणून तशीच सावकाश पुढे काढली, सिग्नल दिला, आरसा बघितला. नापास तर झालोच आहोत, असं मला वाटत होतं, पण ती बटणं गेली तर गेली, डबा मी देणार नव्हते. पुढचा सगळा रस्ता मी नुसता चालवला. ऑफिसात परीक्षकाने कागद माझ्याकडे वळवला आणि पास झाल्याचं सांगितलं. हसला मात्र तेव्हाही नाही. मी दार इतकं हळू लावलं, की ते नीट लागलंच नाही.

त्या गुरुवारचा डाव भावाच्या घरी, डोंगराच्या पलीकडे होता. लाल एल काढलेल्या गाडीत बाई माझ्या शेजारी बसल्या. हातमोजे, मांडीवर पर्स, पर्समधे पत्ते, मागच्या सीटवर बटणांचा डबा. मी इतकी खुशीत होते, की त्या गप्प आहेत हे माझ्या लक्षातच आलं नाही. अरुंद रस्त्यावर पुढे एक ट्रॅक्टर लागला. मी त्याच्यामागे सावकाश चालवत राहिले.

"काढ ना पुढे," त्या म्हणाल्या.

"वळण आहे."

"मी इथे पन्नास वर्षं चालवलीय. काढ पुढे." त्यांचा पाय, पेडल नसलेल्या जागी, खाली दाबला गेला होता. "तुला काही येत नाही. थांबव. थांबव ही गाडी."

त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. एका शेताच्या फाटकाशी मी गाडी घेतली आणि बंद केली. त्या समोर बघत होत्या आणि हातमोज्यांतल्या मुठी आवळलेल्या होत्या. गाडी माझी होती, चाक माझ्या हातात होतं, आणि ते त्यांच्या हातात पुन्हा कधी येणार नव्हतं. मला फार वाईट वाटलं. माझा आनंद आणि त्यांचं दुःख एकाच गोष्टीचं होतं आणि त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

मी थर्मास काढून चहा ओतला. त्यांनी घेतला, पण प्यायल्या नाहीत. किटलीचा उपाय त्यांचाच, आयुष्यभर वापरून त्यांनी संपवला असावा. मग मी त्यांच्या पर्सकडे हात केला, त्यांनी ती दिली, आणि मी पत्ते काढून पिसले.

"आमच्याकडे पान कसं टाकतात, दाखवू?" मी विचारलं.

मी एक पान घेतलं आणि डॅशबोर्डवर आपटलं. गेल्या कित्येक महिन्यांत आपटलं नव्हतं. काय बरं वाटलं.

त्यांनी कप खाली ठेवला. डावा हातमोजा काढला, मग उजवा. गड्डीतलं वरचं पान उचललं, ते काय आहे हे बघितलंसुद्धा नाही, आणि टाकलं. हळू पडलं.

"असं नाही," मी म्हटलं. "आतल्या खोलीतला माणूस उठला पाहिजे."

दुसरं पान त्यांनी आपटलं. तिसरं आणखी जोरात. मग एकामागून एक, राजे, राण्या, फालतू दुऱ्या-तिऱ्या, सगळी, दात आवळून. पत्ते उडून आमच्या पायांशी पडत होते, कपातला चहा हिंदकळत होता आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. गड्डी संपली. त्या धापा टाकत माझ्याकडे वळल्या, जरा तिरक्या, डोळ्याच्या कोपऱ्यातून मी दिसेन अशा.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.

मी खाली वाकून पत्ते गोळा करायला लागले.